डोळा धुऊन येऊ नये

९ मे

प्रिय चष्मिष्ट,

दोन महिने पत्र का नाही, असं विचारलंस. कारण साधं आहे. माझा उजवा डोळा गळतो, आणि गळलेलं कागदावर पडलं की शाई पसरते. फोन करायचा नव्हता. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मला कळत नाही की तू ऐकतेयस की भांडी घासतेयस.

हे सव्वा वर्ष चाललंय. तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, डोळे आलेत. लोकांचे डोळे येतात आणि आठवड्यात जातात. माझा आला तो मुक्कामालाच राहिला. दुसरे म्हणाले, ॲलर्जी, उशी बदला. उशी बदलली. अभ्रा तर मी रोज सकाळी बदलतेच. फरक शून्य. तिसरे मोठ्या इस्पितळातले आहेत, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून बारीक सुईने पाणी सोडलं. थोडं घशात उतरलं, बरंचसं परत आलं. त्यावरून त्यांचं म्हणणं असं, की अश्रू नाकात उतरायची वाट बंद झालीय. ऑपरेशन करून नाकाच्या हाडातून नवी वाट काढावी लागेल. वीस जून ठरलीय.

उजवा म्हणजे माझा भिंगाचा डोळा, हे तुला वेगळं सांगायला नको. एक्केचाळीस वर्षं घड्याळं उघडतेय ती याच डोळ्याने. महिनाभर डाव्या डोळ्याला भिंग लावून पाहिलं. तीन स्क्रू जमिनीवर गेले आणि एक कायमचा गेला. मार्चपासून मनगटी घड्याळं घेणं बंद केलंय. भिंतीवरची तेवढी घेते, म्हणजे चित्रकाराने नुसते दरवाजे रंगवावेत तसं. शेजारचा चपलावाला विचारतो, "दुकान कधी आवरताय?" विचारतो प्रेमानेच, पण माझी जागा त्याला हवीय.

सगळ्यात वैताग म्हणजे लोकांना वाटतं मी रडतेय. परवा एका गृहस्थांना सांगितलं, तुमचं घड्याळ आता दुरुस्त होणार नाही. तेवढ्यात डोळा गळला. ते माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, जुनंच होतं." मी! जिच्या दुकानात लोक आवाज खाली करून बोलतात!

तू तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवतेयस म्हणून तुला एकच प्रश्न: अशा ऑपरेशननंतर डोळ्याला भिंग किती दिवसांनी लावता येतं? तेवढं विचारून कळव. बाकी सांत्वन नको.

ताई


१५ मे

प्रिय ताई,

सांत्वन करत नाही, घाबरू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी कुणाला विचारलेलं नाही, कारण मी तुझ्याच पत्रात अडकून बसलेय. तू सहज लिहिलंस की अभ्रा रोज सकाळी बदलते. का? पाण्याने अभ्रा खराब होत नाही. वाळतो. तू स्वच्छ आहेस हे सगळ्या खानदानाला माहीत आहे, तुझ्याकडे आलं की पाहुणे स्वतःच्याच चपलांकडे बघायला लागतात. पण नुसत्या पाण्यासाठी तूसुद्धा रोज अभ्रा बदलणार नाहीस.

तर डोळ्यातून जे येतं ते नेमकं काय, ते सरळ मराठीत लिही. तू "गळतो" लिहिलंस. डॉक्टरांना काय सांगितलंस? "पाणी येतं", असंच ना?

माझ्या कामात आम्ही "काय आलं" यावर जगतो, ताई. रंग, दाटपणा, कुठून, कधी. लाजू नकोस. मी दिवसभर याहून भयंकर गोष्टी बरण्यांतून बघते आणि मग डबा खाते.

तुझी,
चष्मिष्ट


२१ मे

चष्मिष्ट,

असली वर्णनं चांगल्या घरच्या बायका पत्रात लिहीत नाहीत. पण तू मागितलीस, तेव्हा घड्याळाच्या पावतीवर लिहिते तशी लिहिते.

सकाळी पापण्या चिकटलेल्या. चिपाड पिवळं, चिकट. चिपाड हाच शब्द आहे, आणि तो मी डॉक्टरांसमोर उच्चारलेला नाही. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून येतं, खालच्याच पापणीकडून. वरची पापणी निर्दोष. खालच्या पापणीच्या टोकाशी जे टाचणीएवढं भोक असतं, त्याची कड लाल होऊन वर आलीय, चावीच्या भोकाची पितळी कड चेपून उचलावी तशी. हे मी आरशासमोर डाव्या डोळ्याला भिंग लावून पाहिलं. चाळीस वर्षांत स्वतःच्या तोंडाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं फारसं नाही.

आणखी एक. महिन्यापूर्वी टॉवेलने कोपरा जरा जोरात पुसला गेला, तेव्हा पिवळसर, वाळूसारखा एक कण बाहेर आला. मला वाटलं दुकानातला कचरा. फेकून दिला.

तू विचारशील की डॉक्टरांना हे दिसलं कसं नाही. दिसणार कसं? डॉक्टरकडे जायच्या दिवशी मी सकाळी उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुते, कोपरा दाबून सगळी घाण काढते, कापसाने टिपते, थेंब घालते आणि मग जाते. घाण घेऊन चारचौघांत जायची आपली रीत नाही. तिन्ही डॉक्टरांनी माझा डोळा स्वच्छच पाहिला. दुसऱ्यांनी तर कौतुक केलं, "फार निगा राखता तुम्ही." मला बरं वाटलं होतं.

घरचे मोजणीसाहेब म्हणतात, हे आधी सांगायला हवं होतं. जमीनमोजणीतून निवृत्त झालेल्या माणसाला सगळ्याची मापं आधीपासून माहीत असतात.

ताई


२६ मे

ताई, ताई, ताई,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्याने वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "अगं मूर्खे!" समोरची शिकाऊ मुलगी घाबरून हातातलं ठेवून गेली. माफ कर. तू मोठी आहेस, पण शब्द परत घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तुझ्या दुकानात बसले होते. एक बाई बंद पडलेलं घड्याळ स्पिरिटने लखलखीत करून घेऊन आल्या. तू त्यांना काय म्हणालीस ते आठव. "पुसून आणलंत? आता धूळ कुठल्या फटीतून आत जात होती ते मी कुणाला विचारू?" त्या बिचाऱ्या निम्म्या झाल्या. आणि तू सव्वा वर्ष स्वतःचा डोळा स्पिरिटने पुसून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतेयस!

आता नीट ऐक. पापण्यांच्या आतल्या टोकाला दोन भोकं असतात, एक वर, एक खाली. त्यांतून अश्रू केसाएवढ्या नळीत शिरतात, नळीतून एका पिशवीत, पिशवीतून खाली नाकात. तुझ्या ऑपरेशनची नवी वाट पिशवीपासून निघते. पण तू लिहितेस त्यावरून मला वाटतं की अडचण त्याच्या आधी, भोकाजवळच्या नळीतच आहे. क्वचित एक जंतू त्या नळीत घर करतो, अगदी सावकाश, आणि तिथे पिवळे खडे तयार करतो. ते खडे आहेत तोवर थेंब कितीही घाल, वरवर धुऊन निघतं आणि पुन्हा भरतं. आणि नवी वाट काढूनही खडे जागच्या जागी राहतील.

मी डॉक्टर नाही. चुकत असेन. माझ्या पत्रावरून ऑपरेशन रद्द करू नकोस, पण त्याच इस्पितळात वीस तारखेच्या आत पुन्हा जा. थेंब दोन दिवस बंद ठेवले तर चालेल का, ते आधी त्यांना विचार. आणि त्या सकाळी डोळा धुवायचा नाही. टिपायचा नाही. तसाच न्यायचा. मला सांगितलंस तेच शब्द त्यांना सांगायचे, चिपाड, वाळू, सगळं. "पाणी" हा शब्द काढायचा नाही.

तुझी,
चष्मिष्ट


४ जून

प्रिय चष्मिष्ट,

गेले. डोळा तसाच नेला. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. थेंबांचं आधी विचारून घेतलं होतं.

पांढरे केसवाले ऑपरेशनमध्ये होते. त्यांच्या हाताखालची एक डॉक्टर बसली होती, तिशीची असेल, बाहीवर शाईचा डाग. मनात म्हटलं, झालं, पोरीच्या हातात सापडले.

"आज डोळा धुतलेला नाही," मी बसायच्या आधीच सांगितलं. "मुद्दाम. ही माझी सवय नव्हे."

"फार छान केलंत," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा घाणेरडेपणाला शाबासकी मिळाली.

मग तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. माझी हनुवटी यंत्रावर ठेवली आणि बघायला लागली. चष्मिष्ट, ती बघत राहिली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं (दोन मिनिटं मागे), त्यावर मी मोजलं: चौदा मिनिटं. पहिली पाच मला वाटलं हिला येत नाही. नंतर ओळखलं. मीसुद्धा अशीच बघते. झाकण उघडायच्या आधी, काहीही हातात घ्यायच्या आधी.

"काय आहे?" मी विचारलं.

"मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "दाबून बघू का? दुखेल थोडं."

तीन डॉक्टरांपैकी एकालाही माहीत नव्हतं असं झालं नव्हतं. तिघांनाही लगेच माहीत होतं.

तिने काचेच्या काडीने खालची पापणी नाकाच्या बाजूने भोकाकडे दाबत आणली. दुखलं. आणि ती हळूच म्हणाली, "आले." काडीच्या टोकावर दोन पिवळे कण. माझ्या पर्समध्ये भिंग असतंच. मी म्हटलं, मला बघू द्या. तिने दिलं बघायला! भिंगाखाली ते नुसते कण नव्हते, गोटीसारखे घट्ट होते.

तेवढ्यात पांढरे केसवाले आले. ती म्हणाली, "सर, एकदा बघता का?" ते बसले, बघितलं, काडी बघितली, माझे जुने कागद चाळले.

"मी सुई घातली तेव्हा इथेच अडलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, खाली अडलंय." मग तिला, "तुला कसं सुचलं?"

"सुचलं नाही, सर. आज यांनी सगळं सांगितलं, आणि धुऊन आल्या नाहीत."

"वीस तारीख खोडा," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "बाई, मी चुकलो होतो." हाताखालच्या मुलीसमोर, रोग्यासमोर. मी आदराने उठून उभी राहिले आणि डोकं यंत्रावर आपटलं. टेंगूळ आलंय. पण उभी राहिले ते बरोबरच केलं.

अकरा जूनला ती मुलगी नळीला छोटीशी चीर देऊन सगळे खडे खरवडून काढणार आहे. हाड-बीड काही नाही. मग खडे प्रयोगशाळेत जातील.

शब्द परत घ्यायची गरज नाही. मूर्खच होते.

ताई


८ जून

प्रिय ताई,

टेंगुळावर बर्फ लाव. आनंदाने मी आज दोनदा चष्मा शोधला, दोन्ही वेळा डोळ्यांवर होता.

घाईत लिहितेय, कारण हे अकरा तारखेच्या आत पोचायला हवं. तुझ्या डॉक्टरीणबाईंना हे पत्र दाखव. त्यांना माहीत असेलच, पण दाखव. हा जंतू हवेत वाढत नाही, त्याला हवा न लागू देता ठेवावं लागतं. आणि तो फार हळू वाढतो. नेहमीचे जंतू एका दिवसात प्लेटवर दिसतात, म्हणून प्रयोगशाळेत दोन दिवसांनी "वाढ नाही" लिहून प्लेट फेकायची सवय असते. _दोन दिवसांनी फेकू देऊ नका. चौदा दिवस ठेवायला सांगा._ आणि खडा चिरडून काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली नीट, सावकाश बघायला सांगा. फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतील.

नक्की दाखव.

चष्मिष्ट


३० जून

प्रिय चष्मिष्ट,

आता सगळं सविस्तर.

मला जागीच ठेवलं होतं, फक्त कोपरा बधिर केला. तिचे हात बघता येत नव्हते, पण ऐकू येत होतं. हत्यार ठेवायचा आवाज नेहमी एकाच जागी. ज्याचं हत्यार एकाच जागी पडतं त्याच्यावर मी विश्वास ठेवते. ती खडे मोजत होती. आठ झाल्यावर म्हणाली, "संपले वाटतं."

"वाटतं नको," मी म्हटलं. "बघा."

तिने पुन्हा बघितलं. नळीच्या कोपऱ्यात आणखी एक होता, नववा. ती हसली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्याकडे कामाला या." मी म्हटलं, माझं काम मला परत द्या, तेवढं पुरे.

नंतर औषधाच्या पाण्याने नळी धुतली. सगळं पाणी सरळ घशात उतरलं, कडू आणि खारट. इतकं चविष्ट पाणी मी जन्मात प्यायलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी काचेवर तुझे धागे दिसले. फांद्या फुटलेले, तू लिहिलंस तसेच. पण तेरा तारखेला खालून कागद आला: "वाढ नाही." माझ्या डॉक्टरने तुझं पत्र खिशात घातलं आणि दोन मजले उतरून स्वतः प्रयोगशाळेत गेली. प्लेट कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेली होती, डब्यात पडायची होती. तिने ती पुन्हा हवाबंद करून ठेवायला लावली आणि रोज जाऊन विचारायला लागली. खालचे लोक तिला बघितलं की मायक्रोस्कोपमागे लपायचे म्हणे. अकराव्या दिवशी वाढ दिसली. ॲक्टिनोमायसिस. तुझ्यासाठी नाव कागदावर लिहून घेतलं.

डोळा कोरडा आहे. अठरा दिवसांत एकदाही अभ्रा बदललेला नाही. मोजणीसाहेबांना घर ओळखू येईना. काल पहिलं मनगटी घड्याळ उघडलं, लहान, बायकांचं, आत केसाएवढी स्प्रिंग गुंतलेली. भिंग उजव्या डोळ्याला. पाऊण तास लागला, पूर्वी वीस मिनिटं लागायची. पण सुटली. चपलावाल्याला सांगितलं, जागा दुसरीकडे बघ.

तुला "आभार" लिहीत नाही, तो शब्द लहान आहे. तुझं अभ्र्याचं वाक्य मी डॉक्टरला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या बाईंना भेटायला हवं."

एक विचारायचंय. आठ तारखेच्या पत्रात "चौदा दिवस" या शब्दांखाली तू इतक्या जोराने रेघ ओढलीस की कागद फाटलाय. तू कागद फाडणारी नव्हेस. काय झालं होतं?

ताई


६ जुलै

प्रिय ताई,

स्प्रिंगबद्दल वाचून मी दोन मजले जिने उतरून पुन्हा चढून आले. दुसरं काय करावं सुचेना. मोठ्या माणसांत तुझ्याइतकं सरळ "मूर्खच होते" लिहिणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. म्हणून मीही लिहिते.

चार वर्षांपूर्वी एका शिंप्याचा नमुना माझ्याकडे आला होता. डोळा गळतो, पापण्या चिकटतात. मी काच बघितली, घाईत. प्लेट दोन दिवस ठेवली. "वाढ नाही" असं माझ्या सहीने लिहिलं आणि प्लेट फेकली. आठवड्याने जुन्या काचा आवरताना ती काच सहज पुन्हा लावली. धागे होते, ताई. बारीक, फांद्या फुटलेले. मी बघितलेच नव्हते.

तोवर तो कागद घेऊन गेला होता. नंतर कळलं की त्याचं हाडातून वाट काढायचं ऑपरेशन झालं. मी कुणालाही काही बोलले नाही. काच मात्र माझ्या खणात आहे. म्हणून मला तुझा अभ्रा दिसला. हुशारी नव्हती ती.

गेल्या वर्षी मी त्याच्या दुकानावरून गेले. तो सुईत दोरा ओवायला बायकोकडे देत होता आणि दुसऱ्या हाताने रुमालाने डोळा टिपत होता. मी रस्ता बदलला. आता त्या रस्त्याने जातच नाही.

हे वाचून तुला मी कशी वाटेन, माहीत नाही.

चष्मिष्ट


११ जुलै

प्रिय चष्मिष्ट,

तुला वाटलं असेल मी लिहीन, जाऊ दे, चुका सगळ्यांच्या होतात. मी तसं लिहिणार नाही. चूक झाली, आणि गप्प राहिलीस ती त्याहून मोठी.

आता तू मला कशी वाटतेस ते. तू ती काच फेकून देऊ शकली असतीस, कुणाला कळलं नसतं. चार वर्षं तू ती खणात ठेवलीस, आणि माझ्या डोळ्याची वेळ आली तेव्हा तिच्यावरूनच मला वाट दाखवलीस. मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

आता कामाचं. मी आज डॉक्टरकडे जाऊन आले. नाव, गाव काही न सांगता विचारलं, की असा रोगी असेल, ऑपरेशन होऊन चार वर्षं झालेली, तर? ती म्हणाली, खडे नळीत तसेच असणार, आणि अजून काढता येतात. कसे काढले, काय वाढलं, हे सगळं तिने माझ्या कागदावरून लिहून दिलंय, तुमच्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरसाठी. कागद सोबत जोडलाय. खाली तिने लिहिलंय, "काचही दाखवावी." हुशार आहे, मी काही बोलले नव्हते, पण तुझी कागद फाडणारी रेघ तिनेही पाहिली होती.

शिंप्याला पत्र लिहू नकोस. पत्रात तू फार छान लिहिशील. चालत जा. शिवायला कापड नेऊ नकोस, निमित्त काढू नकोस. आत गेल्यावर पहिल्या वाक्यात सांग की चूक माझी होती, दुसऱ्यात सांग की डोळा बरा होऊ शकतो. तिसरं वाक्य त्याचं. तो चिडेल, बायको त्याहून चिडेल. ऐकून घे. चिडून झालं की दोघांना घेऊन इस्पितळात जा.

मी शनिवारी दुपारच्या बसने येतेय. मोजणीसाहेबांना सांगितलंय, चार दिवस स्वतःचं स्वतः करा. तू त्या दुकानात जाशील तेव्हा मी फुटपाथवर उभी राहीन. किती का वेळ लागेना, उभी राहीन. पण आत येणार नाही. आत तुला एकटीने जायचंय.

ताई